पलीकडच्या खाटेखालची बाई

नागपूरच्या त्या वॉर्डात रोगी खाटेवर आणि त्याच्यासोबतचं माणूस खाटेखाली, असा रिवाज होता. २०१३चा जून. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. पलीकडच्या खाटेखाली वारासिवनीकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या माकडहाडावरची जखम भरत नव्हती, म्हणून ती तिसऱ्यांदा मुक्कामाला आली होती आणि वॉर्डात घरच्यासारखी वावरत होती. संध्याकाळी भेटायला आलेले लोक पांगल्यावर ती बसल्या जागेवरून सरकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “संडासचं कसं करून राहिली तू?”

नऊ दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कसे पडले, किती उंचावरून पडले, पाय हलतील का, खर्च किती आला, पोरं कुणाकडे ठेवली, हे सगळं विचारून झालं होतं. देवाची मर्जीही सांगून झाली होती. मी मात्र रोज रात्री त्याच एका गोष्टीच्या धास्तीने जागी असायचे. डॉक्टरांना विचारायची लाज, सासूबाईंना सांगायची सोय नाही, आईला सांगावं तर ती रडणार. त्या बाईला मी सांगितलं. एखादा पदार्थ कसा करायचा ते ऐकावं तशी ती ऐकत होती. मध्येच थांबवायची, “कोणत्या कुशीवर घेते? तेल लावते का नाही? वेळ कोणती?” मग तिने सांगितलं. वेळ रोज एकच ठेव. सकाळचा गरम चहा पोटात गेला की आतडी जागी होतात, त्यानंतर वीसेक मिनिटांनी. डाव्या कुशीवर घे. नखं काप, हातमोजा घाल, तेल लाव, घाई करू नको. एवढं बोलून ती आपल्या खाटेखाली गेली आणि घोरायला लागली. त्या रात्री ह्यांची कूस बदलायला उठले तेवढीच. मधल्या वेळात मला झोप लागली.

आमच्या बालाघाटला पावसाळा लागायच्या आधी छपराचे कवेलू फेरायची घाई असते. दरवर्षी ठरलेला माणूस यायचा, त्या वर्षी तो आला नाही, म्हणून हे स्वतः चढले. राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस. बारा फुटांवरून पडले. चार शेजाऱ्यांनी हातापायांना धरून झोळीसारखं उचललं आणि गाडीत घातलं. कणा मोडलेल्या माणसाला मान-कंबर न वाकवता, फळीवर सरळ ठेवून हलवायचं असतं, हे तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं; गाडीचं दार मीच उघडून धरलं होतं. त्या चौघांपैकी एक जण अजूनही आमच्या दारावरून जाताना खाली बघून चालतो.

आधी गोंदिया, मग नागपूर. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात आहे खरा, पण १९५६पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती आणि आजार मोठा झाला की पाय अजून तिकडेच वळतात. तिथे कागदावर ‘डी-ट्वेल्व्ह’ लिहिलं गेलं, म्हणजे पाठीचा बारावा मणका. मज्जारज्जू हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. बोलताना तो कुणी वापरत नाही. आमच्याकडे म्हणतात ‘कंबर गेली’, ‘खालचं अंग गेलं’. गेलं म्हणजे कुठे गेलं? ते तर घरातच असतं, आणि आधीपेक्षा जास्त असतं. त्याला उचलावं लागतं, वळवावं लागतं, दिवसातून दोनदा आरशाने तपासावं लागतं, कारण जिथे कळत नाही तिथे जखम झालेलीही कळत नाही.

आपल्याकडच्या रुग्णालयांत असे जे रोगी येतात, त्यांत उंचावरून पडलेले आणि रस्त्यावर अपघात झालेले सगळ्यात जास्त. झाड, विहीर, विजेचा खांब, छत. माझ्या ओळखीतल्या भरवेलीच्या एका बाईला लोक हमखास विचारतात, खाणीत झालं का? तिथे मँगनीजची खोल खाण आहे, म्हणून. ती म्हणते, “नाही जी, मोटारसायकलवर. तेही घरापासून दोन फर्लांगांवर.” बहुतेक रोगी पुरुष, आणि तेही कमावत्या वयाचे. म्हणून खाटेखाली बहुतेक वेळा बायको असते.

हे किती वर्षं चालणार, हा हिशेब मी पुष्कळ उशिरा केला. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात गेले, आणि ते गेले बेडसोरने आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरने दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली, रात्रीसुद्धा, आणि माणसं जगायला लागली. १९४८ मध्ये त्याने तिथेच चाकाच्या खुर्चीतल्या माणसांचे खेळ भरवले. त्यांचंच पुढे पॅरालिंपिक झालं. खेळ सगळ्यांना ठाऊक आहेत, कूस बदलणं कुणाच्या लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात दीड कोटींहून जास्त माणसं मज्जारज्जूची इजा घेऊन जगत होती. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं जगतात, आणि जगावीच. पण गुटमनच्या वॉर्डात कूस बदलायला पाळीपाळीने माणसं होती. माझ्याकडे पाळी नव्हती.

आमच्या गल्लीत वडाला दोनदा फेरे होतात. हिंदी घरांतल्या बायका अमावास्येला फिरतात, आम्ही पौर्णिमेला. अपघाताच्या पुढच्या वर्षी पौर्णिमेला एका काकूंनी माझी ओटी भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हिचे पाय धरा, ही खरी सावित्री.” मनाने चांगल्याच आहेत त्या. पण मला तेव्हापासून त्या कथेतली एक गोष्ट खटकते. सावित्रीने यमाशी वाद घातला, वर मिळवले, नवऱ्याला घेऊन घरी आली. घरी येताना सत्यवान चालत होता. पुढे तिला रात्री दोनला उठावं लागलं नाही. आणि ज्या बाईला सावित्री म्हटलं, तिने नंतर ‘माझी कंबर मोडली’ म्हणायचं कसं? कौतुकानेही तोंड बंद करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. शिवी दिली असती तर उलट बोलता तरी आलं असतं.

वारासिवनीच्या बाईचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. चार वर्षं आम्ही अधूनमधून बोलत होतो. तिला लांजीची एक ठाऊक होती, लांजीचीला कटंगीची. २०१७च्या सुमारास, भरवेलीची धरून, आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा बसायला लागलो. दुसरा रविवार, कुणाच्या तरी ओसरीवर, दोन तास. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत नाही. त्याला नाव काही दिलं नाही; घरी ‘बाजारात जाऊन येते’ म्हणून सांगायचं. कुणी मराठी बोलते, कुणी पोवारी, कागदपत्रांचं आलं की सगळ्याच हिंदीत शिरतात. कॅथेटरला सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, नळी.

पहिले काही महिने आम्ही फक्त कामाचं बोललो. आता वाटतं, तेच बरं झालं. आधीच ‘मन मोकळं करा’ असं कुणी म्हटलं असतं तर दुसऱ्या रविवारी कुणी आलंच नसतं. कटंगीची नवऱ्याला टायरच्या ट्यूबवर बसवायची, मधली जागा मोकळी राहील म्हणून. दिसायला शहाणपणाचं, पण कडेच्या रिंगणावर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. वारासिवनीचीने ते ऐकलं आणि नुसती म्हणाली, “ती ट्यूब आजच फेक. माझ्या घरची जखम तिथूनच सुरू झाली.” डॉक्टरांनी सांगितलं असतं तर तिने ‘हो’ म्हणून ट्यूब ठेवली असती. वीज गेली की हवेची गादी बसते, तेव्हा काय करायचं. नळी कशी धुवायची. नळी कायमची घालून ठेवण्याऐवजी दर चार-सहा तासांनी घालून लघवी काढून टाकायची पद्धत अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये रूढ केली. त्यांचं म्हणणं असं की नळी उकळून निर्जंतुक केलेली नसली तरी चालेल, हात आणि नळी स्वच्छ हवी. हे मी वाचून सांगितलं तेव्हा लांजीची हसली, “मंग आपण इतके दिवस घाबरून काऊन राहिलो?”

लांजीच्या बाईच्या नवऱ्याची मान मोडलेली. एका रात्री साडेअकराला तिचा मला फोन आला. डोकं फुटतंय म्हणतात, कपाळावर घाम, तोंड लाल. मला काही कळेना. आमची इजा खालची, आमच्याकडे असलं कधी झालं नव्हतं. मी कटंगीचीला जोडून घेतलं. तिने विचारलं, “पिशवीत लघवी येऊन राहिली का? नाही ना? उठवून बसव, पाय खाली सोड, नळी कुठं दबली ते पाह्य.” नळी मांडीखाली दुमडली होती. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की मूत्राशय तुंबल्यावर शरीर असं बिथरतं, रक्तदाब भडकतो. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊही शकतो. नळी सरळ केली, पंधरा मिनिटांत डोकं उतरलं. सकाळी त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पण साडेअकरा वाजता फोनवर कटंगीची होती.

ह्यांना हे रविवार आवडत नव्हते. एकदा स्पष्टच म्हणाले, “माझ्या हागण्यामुतण्याच्या गोष्टी तुम्ही ओसरीवर बसून करता.” मी चिडले, माझ्या पाठीचं बोलले, झोपेचं बोलले. पण रात्री अंधारात विचार केला तर त्यांचं खोटं नव्हतं. ते शरीर त्यांचं आहे. त्याला अर्ध्या जिल्ह्याने हाताळलं, वॉर्डबॉयपासून मेहुण्यापर्यंत. निदान त्याची गोष्ट तरी त्यांची असावी. आणि माझी? मी रोज जे करते त्याची गोष्ट कुणाची? या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. आमच्यात तह झाला. नळीचं, जखमेचं, गादीचं सांगायचं, बाकीचं विचारून. हा लेखही त्यांनी वाचला आहे. दोन ठिकाणी फुली मारली, तेवढं काढलं.

‘बाकीचं’ म्हणजे काय, हे समजायला ओसरीवरही दीड वर्ष गेलं. भरवेलीची एकदा भाजी निवडत म्हणाली, “दिवसभर ज्याला पुसते-धुते, त्याला रात्री नवरा कसं म्हणू?” कुणी हसलं नाही. तिने यावर स्वतःच एक उपाय काढला होता. रात्रीचं सगळं आवरलं की ती हातपाय धुते, साडी बदलते, वेणी घालते आणि मगच त्याच्या पलंगावर बसते. कामाची साडी वेगळी, बसायची वेगळी. बसून मोबाइलवर सिनेमा बघतात, नाहीतर भांडतात. त्या साडीत असताना त्याने पाणी मागितलं तर सासू देते, मुलगा देतो, ती उठत नाही. आम्हाला आधी हे थोडं नाटकी वाटलं. मग एकेकीने करून पाहिलं. माझी बसायची साडी जुनीच आहे, पण बरी.

एकदा लांजीची म्हणाली, “त्याच दिवशी गेले असते तं बरं झालं असतं, असं वाटते कधी.” ओसरीवर सगळं थांबलं. असल्या बोलण्यावर आपल्याकडे लगेच ‘असं बोलू नये गं’ येतं. तेही आलं नाही. वारासिवनीचीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मला तीनदा वाटलं.” कुणीतरी म्हणालं, “दोनदा.” मी आकडा सांगितला नाही, पण मनात मोजत होते. त्यानंतर लांजीची घरी गेली, रात्री नेहमीसारखी दोनला उठली, कूस बदलली.

हे वाचून कुणाला वाटेल की आम्ही फार समजूतदार बायका. तसं नाही. आमच्यात तुलना होते, आणि ती बोचते. “तुझ्याचे हात तरी चालतात” हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि दुसऱ्या कुणाबद्दल मनात म्हटलंही आहे. तीन वर्षांनी आमच्यातली एक, तिचं गाव नाही सांगत, मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. आम्ही तिला दोष दिला नाही, असं लिहायला आवडलं असतं. दिला. दोघींनी तिचा नंबरसुद्धा पुसला. मी पुसला नाही, पण फोनही केला नाही. एका परीने तेच. तिचं जाणं आम्हाला सोसलं नाही, कारण दार प्रत्येकीच्या घराला असतं आणि ते उघडतं, हे तिने दाखवलं.

एक पुरुषही आला होता एकदा. त्याची बायको विहिरीवर पाय घसरून पडलेली. तो पायरीवरच बसला, चप्पल न काढता, आणि ‘ठीक है, सब ठीक है’ एवढंच म्हणत राहिला. त्याच्या गावात त्याला देवमाणूस म्हणतात. नवऱ्याचं करणारी बायको ती रीत, बायकोचं करणारा नवरा तो देव. हा भाव आम्हाला ठाऊक होता आणि म्हणून आम्ही त्याच्याशी थोड्या कोरड्या वागलो. आता वाईट वाटतं. देव म्हटल्यावर त्याचंही तोंड बंदच झालं असणार. तो परत आला नाही.

ज्याला इजा झाली त्याला त्याच वाटेने गेलेलं माणूस भेटावं, हे आपल्याकडे जुनं आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन उमेदीत खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तेही खुर्चीतलेच. पुढे १९८४ मध्ये नसीमादीदींनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ ह्यांनी दोनदा वाचलं. मुंबईत केतना मेहता यांनी, स्वतः दुखापत झालेल्या, २००१ मध्ये नीना फाउंडेशन काढलं. हे सगळं खुर्चीतल्या माणसासाठी, आणि व्हायलाच हवं. खुर्चीमागच्या माणसासाठी अमेरिकेत १९८८पासून ‘वेल स्पाउस’ नावाची संघटना आहे, म्हणजे धडधाकट जोडीदारांची. मराठीत त्याला शब्द शोधत होते. ‘धडधाकट’ ऐकून वारासिवनीची म्हणाली, “तिच्या कंबरेचा एक्स-रे काढा म्हणावं.”

२०२४ मध्ये मुरलीकांत पेटकरांवरचा सिनेमा आला तेव्हा सहा नातेवाइकांचे फोन आले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला माणूस १९७२ला हायडेलबर्गमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकतो, मग तुमचे हे का नाही? पेटकरांबद्दल आदर आहेच. पण ह्यांना अपघाताआधीही पोहता येत नव्हतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधाराची गरज असलेल्यांच्या काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. आम्ही ते कलम छापून घेऊन एका कार्यालयात गेलो. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता, खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. कागद वाचून म्हणाला, “पर मैडम, आप तो पत्नी हैं।”

मागच्या पौषातली गोष्ट. रविवारी परतताना बस बिघडली. आठ वाजता नळीची वेळ, आणि मी वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे अंधारात उभी. मुलगा शिकवणीला गेलेला, ह्यांचा फोन लागत नव्हता. सगळा रस्ता मी तुंबलेल्या मूत्राशयाची चित्रं डोळ्यांपुढे आणत होते. साडेनऊला घरी पोचले तर हे पलंगावर टेकून वर्तमानपत्र वाचत होते. नळी धुऊन कपड्यावर वाळत घातलेली, भांडं रिकामं, हात पुसलेले. त्यांचे हात पहिल्यापासून चांगले आहेत. नागपूरला शिकवलंही होतं त्यांना. पण पहिल्या वर्षी मी करत होते, मग मीच करत राहिले, आणि ते मला करू देत राहिले. दहा वर्षांहून जास्त काळ.

“झालं,” ते म्हणाले. “तुझ्याशिवाय झालं.” आवाजात थोडा राग होता, थोडी ऐट. मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण मागाहून. आधी वाटलं ते असं की माझ्या हातातलं कुणीतरी काहीतरी काढून घेतलं. पुढच्या दुसऱ्या रविवारी मी हे सांगितलं, तेव्हा कटंगीचीने एवढंच विचारलं, “मंग आता आठ वाजता तू काय करून राहिली?”

मी म्हटलं, साडी बदलते.